वाचकांचे प्रश्न : ‘ॲन’ कुठे, ‘द’ कुठे आणि ‘अबाउट’ कशाला?

सीमाभागातली मुलं घरी मराठी बोलतात, बाजारात कन्नड बोलतात आणि परीक्षेत त्यांची गाठ इंग्रजीशी पडते. ‘द’सारखं आर्टिकल मराठीत नाही, कन्नडमध्येही नाही. शिवाय ‘ला’, ‘त’, ‘वर’, ‘पासून’ हे सगळं आपण नामाच्या शेवटी जोडतो. म्हणून आपल्या चुका ठरावीक जागीच होतात. त्या जागा माहीत झाल्या की चूक पकडणं फारसं अवघड राहत नाही.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेत वाक्याचे चार भाग देऊन चूक ओळखायला सांगतात. सुरुवात कुठून करावी? (विद्यार्थिनी, निपाणी)

आधी भागांच्या रेघा विसरून पूर्ण वाक्य सलग वाचा. बऱ्याचदा क्रियापद एका भागात आणि त्याचं प्रिपोझिशन पुढच्या भागात असतं. तुकड्यांनी वाचलं की ती जोडी नजरेतून निसटते.

मग नामांवर या. मोजता येणाऱ्या एकवचनी नामाच्या आधी अ, ॲन, द, माय, धिस, एव्हरी यांपैकी काहीतरी हवंच. हे वाक्य पाहा : ‘हर ब्रदर / हू वर्क्स इन हुबळी / इज इंजिनिअर / इन द रेल्वेज.’ अनेकांना ‘इन हुबळी’चा संशय येतो, पण ते बरोबर आहे. चूक तिसऱ्या भागात आहे : ‘इज ॲन इंजिनिअर’ हवं. मराठीत ‘तिचा भाऊ इंजिनिअर आहे’ यात काहीच कमी वाटत नाही, म्हणून इंग्रजीतली ही उणीव कानाला खटकत नाही. इथे कानावर विसंबू नका, प्रत्येक नामावर बोट ठेवून पाहा.

‘बाय बस’, ‘ॲट होम’, ‘ॲट नाइट’, ‘गो टू स्कूल’ हे ठरलेले अपवाद आहेत. मात्र मूल शिकायला जातं तेव्हाच ‘टू स्कूल’. वडील शिक्षकांना भेटायला जातात तेव्हा ‘टू द स्कूल’.

याउलट इन्फर्मेशन, ॲडव्हाइस, फर्निचर, लगेज, होमवर्क या नामांना ‘अ’ किंवा ‘ॲन’ लागत नाही आणि अनेकवचनाचा ‘एस’ही लागत नाही. आपण ‘एक सल्ला देतो’ म्हणतो, इंग्रजीत मात्र ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’ म्हणावं लागतं.

शेवटी क्रियापदं आणि विशेषणं तपासा. सुपिरियर, इन्फिरियर, सीनिअर, ज्युनिअर आणि प्रिफर या पाचांपुढे ‘टू’ येतं. आपल्या डोक्यातला ‘पेक्षा’ तिथे ‘दॅन’ घालायला लावतो आणि परीक्षक नेमकं तेच विचारतात. इतकं तपासूनही काही सापडलं नाही, तर ‘नो एरर’ निवडायला कचरू नका. तो पर्यायही कधी ना कधी उत्तर असतोच.

प्रश्न : ए, ई, आय, ओ, यू यांच्या आधी ‘ॲन’ असं शाळेत शिकलो. मग ‘अ युनिव्हर्सिटी’ कसं? (पदवीचा विद्यार्थी, बेळगाव)

नियम अक्षराचा नाही, उच्चाराचा आहे, आणि आपल्या हाताशी देवनागरी आहे. शब्द देवनागरीत लिहून बघा. पहिलं अक्षर स्वर आलं तर ‘ॲन’, व्यंजन आलं तर ‘अ’. युनिव्हर्सिटी ‘य’ने सुरू होते, वन-रुपी कॉइन ‘व’ने; म्हणून दोन्हींना ‘अ’. ऑनेस्ट आणि आवर स्वराने सुरू होतात, म्हणून ‘ॲन’.

आद्याक्षरांनाही हेच लागू. ‘ॲन एसएसएलसी स्टुडंट’, पण ‘अ पीयूसी स्टुडंट’. ‘ॲन एनडब्ल्यूकेआरटीसी बस’, पण ‘अ केएसआरटीसी बस’. ‘ॲन एफआयआर’, ‘ॲन एमएलए’.

आपल्या भागात यात एक खाचखळगा आहे. कन्नडच्या सहवासाने अनेकजण एमला ‘यम्’, एफला ‘यफ्’ आणि ओल्डला ‘वोल्ड’ म्हणतात. तोंडात ‘यम्मेले’ असेल तर हातून ‘अ एमएलए’ लिहिलं जाणारच. आधी उच्चार सुधारा, आर्टिकल आपोआप जागेवर येईल. आणि पाहायचा तो लगेच पुढचा शब्द, नाम नव्हे : ‘अ युनिव्हर्सिटी’, पण ‘ॲन ओल्ड युनिव्हर्सिटी’.

प्रश्न : ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन टिळकवाडी सिन्स थ्री इयर्स’ यात काय चुकलं? (वाचक, चिक्कोडी)

‘सिन्स’ चुकलं, ‘फॉर’ हवं. मराठीत ‘तीन वर्षांपासून’ आणि ‘सोमवारपासून’ दोन्हींना ‘पासून’च चालतं. कन्नडमध्येही ‘मूरु वर्षदिंद’ म्हणतात आणि सोमवारलाही तोच ‘इंद’. इंग्रजी मात्र या दोन्हींत भेद करते. घड्याळात किंवा कॅलेंडरवर बोट ठेवता येईल असा क्षण, दिवस, साल असेल तर ‘सिन्स’. मोजून सांगितलेला काळ असेल तर ‘फॉर’. बेळगाव शहराचं सरकारी इंग्रजी नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून बदललं. तिथे ‘सिन्स 2014’. ‘सिन्स लास्ट थ्री इयर्स’ हेही चूकच, तिथे ‘फॉर द लास्ट थ्री इयर्स’.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या पत्रातल्या ‘वी डिस्कस्ड अबाउट द मॅटर’मधलं ‘अबाउट’ एका सभासदाने खोडलं. पण ‘डिस्कशन अबाउट’ तर चालतं! (वाचक, खानापूर)

खोडलं ते योग्यच केलं, आणि तुमची शंकाही रास्त आहे. डिस्कस हे क्रियापद कर्म थेट घेतं. डिस्कशन हे नाम आहे, त्याला ‘अबाउट’ किंवा ‘ऑन’ लागतं. ऑर्डर आणि रिक्वेस्टचंही तसंच : ‘वी ऑर्डर्ड टू टीज’, पण ‘ॲन ऑर्डर फॉर टू टीज’. ‘एम्फसाइझ’ला ‘ऑन’ नको, ‘एम्फसिस’ला हवं. म्हणून शब्द पाठ करताना तो क्रियापद आहे की नाम, हे सोबतच पाठ करा.

बाकीच्या चुका थेट विभक्तीतून येतात. ‘बेळगावला पोहोचलो’मधला ‘ला’ ‘रीच्ड टू’ लिहायला लावतो. हवं नुसतं ‘रीच्ड बेळगाव’. ‘खोलीत शिरला’मधला ‘त’ ‘एंटर्ड इन’ घडवतो. हवं ‘एंटर्ड द रूम’. करारासाठी मात्र ‘एंटर इनटू’ बरोबर आहे. ‘तिच्याशी लग्न झालं’मुळे ‘मॅरिड विथ’ येतं. हवं ‘मॅरिड टू’. ‘माझ्यावर रागावला’मुळे ‘अँग्री ऑन मी’. हवं ‘अँग्री विथ मी’. उलटही घडतं : ‘मला समजावून सांगा’ डोक्यात असलं की ‘एक्स्प्लेन मी’ म्हटलं जातं आणि ‘टू’ राहून जातं.

प्रश्न : घटप्रभेच्या आधी ‘द’ लावायचं की नाही? (शिक्षिका, गोकाक)

नदी असेल तर लावायचं, गाव असेल तर नाही. ‘द घटप्रभा इज इन स्पेट’, पण ‘शी लिव्ह्ज इन घटप्रभा’. तसंच ‘द मलप्रभा राइझेस ॲट कणकुंबी’. डोंगररांगांना आणि समुद्रांना ‘द’ : द वेस्टर्न घाट्स, द अरेबियन सी. शहर, गाव आणि राज्य यांना नाही. मुलांना ही दोन घटप्रभांची वाक्यं फळ्यावर एकाखाली एक लिहून दाखवा आणि ‘द’चं कारण त्यांनाच सांगू द्या.