इंदूरला खरंच डच बिशप होते का?

हो, होते. फ्रान्सिस सायमन्स. रामबागेतल्या आमच्या वाड्यात जुनी मंडळी त्यांना ‘लाल चर्चवाले बिशप’ म्हणायची, नाव कुणाला धड येत नसे!

ते एसव्हीडी, म्हणजे ‘सोसायटी ऑफ द डिव्हाइन वर्ड’ या कॅथलिक संघाचे. हा मिशनरी संघ 1875 मध्ये नेदरलँड्समधल्या स्टेल गावी निघाला. 1952 साली इंदूरला पूर्ण धर्मप्रांताचा, म्हणजे स्वतःचा बिशप असलेल्या विभागाचा, दर्जा मिळाला आणि सायमन्स पहिले बिशप झाले. 1962 ते 65 या काळात रोममध्ये जगभरच्या कॅथलिक बिशपांची दुसरी व्हॅटिकन परिषद भरली, तिलाही ते होते.

गंमत पुढेच आहे. 1968 मध्ये त्यांनी चक्क एक पुस्तक लिहिलं. धर्मशिकवणीत पोप चुकूच शकत नाहीत, या सिद्धांताला बायबलच्या ‘नव्या करारा’त पुरेसा पुरावा नाही, असं त्यात मांडलं. पदावर असलेल्या बिशपनं हे लिहावं! साध्या पाद्र्यानं लिहिलं असतं तर एवढा गाजावाजा झाला नसता, असं मला वाटतं.

1971 मध्ये ते पदावरून उतरले. बिशपनं पंचाहत्तरीला राजीनामा द्यायचा असा चर्चचा दंडक, यांनी त्याआधीच दिला. पुढे त्यांच्या जागी जॉर्ज अनाथिल आले, तेही एसव्हीडीचेच.