दिवसाला 130 ग्रॅम, पण कशाचे?

प्रश्न: मी 44 वर्षांची आहे, वजन 71 किलो. काम बैठं, संध्याकाळी अर्धा तास चालते. दिवसाला 130 ग्रॅम कर्बोदकं पुरतात असं वाचलं आणि वजनकाटा घेऊन बसले. सकाळी 50 ग्रॅम ब्रेड, दुपारी 50 ग्रॅम भात, रात्री 30 ग्रॅम उकडलेला बटाटा, असे बरोबर 130. शिवाय एक पेला दूध, अंडी आणि पालेभाज्या. फळं आणि डाळी बंद केल्या, कारण त्यांतही कर्बोदकं असतात. पहिल्या बारा दिवसांत अडीच किलो उतरले, नंतर काटा हललेला नाही. डोकं दुखतं, पोट साफ होत नाही, चिडचिड होते. आता 100 ग्रॅमवर यावं का? माझी 15 वर्षांची मुलगी रोज पोहायला जाते. तीही आता माझ्याबरोबर मोजून खाते.

उत्तर: नाही, 100 वर येऊ नका. तुम्ही आत्ताच त्याच्या खूप खाली आहात.

तुम्ही मोजलंत ते अन्नाचं वजन. कर्बोदकं हा त्या वजनाचा एक भाग असतो, बाकी बरंचसं पाणी. 50 ग्रॅम ब्रेडमध्ये साधारण 25 ग्रॅम कर्बोदकं असतात, तेवढ्याच शिजलेल्या भातात 14 आणि 30 ग्रॅम बटाट्यात जेमतेम 6. दुधाचे 12 धरले तरी बेरीज 57 होते. ही चूक मी आहाराच्या इतक्या वह्यांमध्ये पाहिली आहे की कुणी आकडा सांगितला की आधी विचारते, काट्यावर काय ठेवलं होतं? कच्चा तांदूळ आणि शिजलेला भात यांतही असाच घोटाळा होतो. 100 ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे 78 ग्रॅम कर्बोदकं, 100 ग्रॅम भातात 28.

आता त्या 130 बद्दल. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2002 मध्ये हा आकडा दिला तो मेंदूला दिवसाला किती ग्लुकोज लागतं, यावरून. सरासरी गरज 100 ग्रॅम, माणसामाणसांतल्या फरकासाठी थोडी भर घालून 130. चालणं, काम करणं, पोहणं त्या हिशेबात नाही. म्हणजे 130 हा तळ आहे. त्याच अहवालात प्रौढांसाठी दिवसाच्या एकूण कॅलरींपैकी 45 ते 65 टक्के कर्बोदकांतून याव्यात असंही म्हटलं आहे, पण ते वाक्य फारसं कुणी सांगत नाही. एका ग्रॅमला 4 कॅलरी. हळूहळू वजन उतरवण्यासाठी तुम्ही 1600 कॅलरी घेतल्या, तर 45 टक्के म्हणजे 720 कॅलरी, म्हणजेच 180 ग्रॅम. मी तुम्हाला इथूनच सुरुवात करायला सांगेन.

अडीच किलोंचं काय झालं, तेही सांगते. यकृत आणि स्नायू मिळून सुमारे अर्धा किलो ग्लायकोजेन, म्हणजे कर्बोदकांचा राखीव साठा, साठवून ठेवतात आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत जवळपास 3 ग्रॅम पाणी धरलेलं असतं. कर्बोदकं एकदम तोडली की हा साठा आणि हे पाणी आधी जातं. चरबी थोडी गेली असेल, पण काट्यावर दिसलं ते मुख्यतः पाणी. पुन्हा नीट खाऊ लागलात की एखाद-दीड किलो परत येईल. त्याने खचू नका, ती चरबी नव्हे. डोकेदुखीही बहुधा पाणी आणि मीठ कमी झाल्याची. दोन आठवड्यांत थांबली नाही तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

फळं आणि डाळी बंद केल्यात याचं मला सर्वांत वाईट वाटलं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला किमान 25 ग्रॅम अन्नातले नैसर्गिक तंतू (फायबर) आणि 400 ग्रॅम भाज्या-फळं खायला सांगते. तुमच्या ब्रेड, भात आणि बटाट्यात मिळून 5 ग्रॅमही तंतू नाहीत. पोट साफ होईल कसं? एक केळं (27 ग्रॅम कर्बोदकं), एक सफरचंद (25), 200 ग्रॅम शिजलेली मसूर (40) आणि 50 ऐवजी 150 ग्रॅम भात (28 जास्त) एवढं वाढवा. तुम्ही जवळपास 180 वर पोचता आणि तंतूंची भरपाईही होते. डाळ एकदम वाढवू नका, आठवड्याभरात वाढवा आणि पाणी भरपूर प्या. कात्री लावायचीच तर वरून घातलेल्या साखरेला. मध, सरबतं, फळांचे रसही त्यातच येतात. 1600 कॅलरींच्या आहारात ती 40 ग्रॅमच्या आत हवी, 20 वर आली तर फारच उत्तम.

औषधांबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर कर्बोदकं कमी-जास्त करण्याआधी डॉक्टरांशी बोला. मात्रा तीच राहिली आणि खाणं घटलं तर साखर धोकादायकरीत्या खाली जाते.

मुलीचं मोजणं आजच थांबवा. वाढीचं वय, त्यात रोजचं पोहणं. तिला 2400 कॅलरी लागत असतील तर 45 टक्क्यांनीसुद्धा 270 ग्रॅम होतात, आणि ती आईच्या 57 शी बरोबरी करते आहे. वजनकाटा तिच्या नजरेआड ठेवा. तुमचा हिशेब चुकला होता, हे तिला स्वतः सांगा आणि ती केळी, भात तिच्यासमोर खा. तिची पाळी लांबली आहे का, पोहताना लवकर दमते का, हेही विचारा. उत्तर ‘हो’ असेल तर माझ्या पुढच्या उत्तराची वाट न पाहता तिला डॉक्टरांकडे घेऊन जा.