वाक्य बिनचूक, तरी अर्थ निसटलेला

वाचकांचे प्रश्न : भाषा आणि लेखन

प्रश्न : मी एका मंडळाची सचिव आहे. 'सर्व सभासदांनी वार्षिक वर्गणी भरलेली नाही' अशी सूचना मी फलकावर लावली, तेव्हा वेळेवर वर्गणी भरलेले सभासद पावत्या घेऊन तक्रार करायला आले. या वाक्यात व्याकरणाची चूक कोणती?

उत्तर : चूक एकही नाही, आणि म्हणूनच तुमचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. कर्ता, कर्म, क्रियापद, लिंग, वचन हे सारे जागच्या जागी आहे. पण शेवटी येणारा 'नाही' नेमके काय नाकारतो, ते या वाक्यातून ठरत नाही. तो 'सर्व' या शब्दाला नाकारत असेल, तर काहींनी वर्गणी भरली आणि काहींची राहिली, असा अर्थ होतो. तो भरण्यालाच नाकारत असेल, तर एकानेही भरली नाही, असा होतो. तुमच्या मनात पहिला अर्थ होता आणि वाचणाऱ्यांनी दुसरा घेतला. बोलताना आपण 'सर्व'वर जोर देतो आणि ऐकणाऱ्याला बरोबर उमजते. फलकावर मात्र आवाज नसतो, म्हणून जे काम आवाज करतो ते शब्दांकडून करून घ्यावे लागते. 'काही सभासदांची वर्गणी अद्याप यायची आहे' असे लिहिले असते, तर कोणी पावती घेऊन आले नसते.

व्याकरणशुद्ध असूनही दोन अर्थ देणारी अशी वाक्ये मराठीत पुष्कळ तयार होतात आणि ती लिहिणाऱ्याच्या लक्षात येत नाहीत, कारण आपल्याला काय म्हणायचे आहे हे त्याला आधीच माहीत असते. 'जुने पुस्तकांचे दुकान' म्हटले की दुकान जुने आणि 'जुन्या पुस्तकांचे दुकान' म्हटले की पुस्तके जुनी, इतका स्पष्ट भेद आपली भाषा विशेषणाच्या एका रूपावर करते. पण त्याच दुकानात कोणाला भेटायला बोलावायचे असेल, तर दोन्ही अर्थांसाठी 'जुन्या पुस्तकांच्या दुकानात' हे एकच रूप हाती उरते, कारण नामाचे सामान्यरूप झाले की त्याच्या आधीच्या 'जुना, जुनी, जुने' यांतला फरक पुसला जाऊन सगळीकडे 'जुन्या' होते. दुकान जुने असेल, तर अशा वेळी विशेषण सरळ त्याच्या नामाजवळ न्यावे आणि 'पुस्तकांच्या जुन्या दुकानात' असे लिहावे.

सूचना लिहिणाऱ्यांनी 'परवा' या शब्दाकडेही लक्ष द्यावे. 'परवा गेलो' आणि 'परवा जाईन' यांत क्रियापद काळ सांगते, म्हणून गोंधळ होत नाही. पण 'परवाच्या बैठकीची माहिती' एवढेच लिहिले, तर ती बैठक झालेली आहे की व्हायची आहे, हे कळायला काहीच मार्ग नसतो. तेथे तारीखच घालावी.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. निबंध तपासताना ऱ्हस्व-दीर्घाच्या इतक्या चुका दिसतात, की वही लाल होऊन जाते आणि मुले लिहायलाच घाबरतात. कोणत्या चुकांवर भर द्यावा?

उत्तर : ज्या चुकीने अर्थ बदलतो, तिच्यावर आधी. आज आपण पाळतो ते नियम मराठी साहित्य महामंडळाचे आहेत : 1962 साली 14 नियम स्वीकारले गेले आणि 1972 साली त्यांत 4 नियमांची भर पडून ते 18 झाले. त्यापूर्वीच्या मोडी लिखाणात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद साधारणपणे केला जात नसे आणि तरीही दफ्तरांचे व्यवहार चालत, हे ध्यानात ठेवले तर 'गरीबाला' लिहिणाऱ्या मुलावर आपण रागावणार नाही. 'गरीब' असे लिहायचे आणि सामान्यरूपात 'गरिबाला' करायचे, 'फूल' लिहायचे आणि 'फुलाला' करायचे, हा नियम त्याला जरूर शिकवावा. पण तो चुकला तरी वाचणाऱ्याला गरीब तो गरीबच दिसतो.

'शिक्षक दिन'च्या जागी 'शिक्षक दीन' लिहिले, तर मात्र शिक्षक बिचारा होतो. येथे मुलांची अडचणही समजून घ्यावी. 'फूल', 'गरीब', 'वसूल' यांसारख्या अकारान्त शब्दांत शेवटून दुसरे अक्षर दीर्घ लिहायचे, हे ती शिकलेली असतात आणि तोच नियम 'दिन'ला लावतात. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द मूळ रूपातच ठेवायचा, हे त्यांना सांगितलेले नसते.

माझ्या मते त्याहून अधिक काळजी अनुस्वाराची करावी. 'विद्यार्थ्याच्या पालकांना बोलवा' आणि 'विद्यार्थ्यांच्या पालकांना बोलवा' या दोन वाक्यांत एका टिंबाचा फरक आहे. पहिल्याने एका घरी निरोप जातो, दुसऱ्याने साऱ्या वर्गाच्या घरी. आदरार्थी बहुवचनातही हा अनुस्वार लागतो, म्हणून 'अध्यक्षाचे भाषण' असे न लिहिता 'अध्यक्षांचे भाषण' असे लिहावे. मुलांकडून अशा जोड्या मोठ्याने वाचून घ्या आणि प्रत्येक वाक्यात किती माणसे आहेत ते विचारा. वही लाल करण्यापेक्षा याचा उपयोग अधिक होतो, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : 'तो बोलला की मी येतो' आणि 'मला पुस्तक भेटले' असे मी नेहमी बोलते. कार्यालयातील ज्येष्ठ सहकारी हे अशुद्ध ठरवतात. खरेच हे चुकीचे आहे का?

उत्तर : तुमच्या बोलण्याला मी अशुद्ध म्हणणार नाही. अनेक बोलींत वस्तूही 'भेटते' आणि घरीदारी ते सगळ्यांना समजते. प्रमाण लेखनात मात्र माणूस भेटतो आणि वस्तू मिळते, तसेच कोणाचे शब्द सांगायचे असतील तर 'म्हणाला' वापरतात. ही वाटणी लेखनात राखावी असे मला मनापासून वाटते, कारण तिच्यामुळे अर्थाचा एक पदर शाबूत राहतो. 'मला बोलले' याचा प्रमाण मराठीतला रूढ अर्थ 'मला रागावले' असा आहे.

याचा चटका मी स्वतः अनुभवला आहे. पूर्वी एका तरुण सहकाऱ्याने मला लिहून कळवले, 'संपादक मला तुमच्या लेखावरून बोलले.' माझ्या लेखापायी त्याला बोलणी खावी लागली, असे समजून मी ती संध्याकाळ दिलगिरीचे पत्र लिहिण्यात घालवली. लेख पुढच्या अंकात घेणार आहोत, एवढेच संपादकांनी त्याला सांगितले होते. 'माझ्याशी बोलले' असे त्याने लिहिले असते, तर माझा जीव टांगणीला लागला नसता. त्याच न्यायाने 'माझी मदत कर' हे हिंदीच्या वळणाचे वाक्य टाळावे. मराठीत 'मला मदत कर' म्हणतात.

प्रश्न : नोकरीत मला अर्जदारांना उत्तरे पाठवावी लागतात. पत्र नियमानुसार असूनही ते समजले नाही, असे लोक दूरध्वनी करून सांगतात. असे का होत असावे?

उत्तर : तुम्ही नमुना म्हणून पाठवलेले वाक्य असे आहे : 'आपल्या अर्जान्वये केलेल्या मागणीच्या अनुषंगाने झालेल्या बैठकीत घेण्यात आलेल्या निर्णयानुसार आवश्यक ती कार्यवाही करण्यात येईल.' मराठीत मुख्य क्रियापद शेवटी येत असल्यामुळे वाचणाऱ्याला 'केलेल्या', 'झालेल्या', 'घेण्यात आलेल्या' ही सारी ओझी शेवटपर्यंत डोक्यावर वाहून न्यावी लागतात, आणि शेवटी हाती येते ते 'करण्यात येईल'. कोण करील, काय करील, केव्हा करील, यांपैकी काहीही त्यात नाही. 'तुमच्या अर्जावर बैठकीत चर्चा झाली. गळकी जलवाहिनी बदलायचे ठरले आहे. आमचे अभियंता हे काम पुढील सोमवारपर्यंत पूर्ण करतील,' असे लिहून पाहा. करणारा खरोखरच गौण असेल, तेथे 'करण्यात आले' अवश्य वापरावे; पण अर्जदाराला ज्याच्याकडे पाठपुरावा करायचा आहे, तो कर्ता वाक्यातून नाहीसा करणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

प्रश्न : 'जावून' की 'जाऊन'? 'जेऊन' की 'जेवून'?

उत्तर : मूळ धातू पाहावा. त्याच्या शेवटी 'व' असेल तर 'वून' : जेव-जेवून, धाव-धावून, ठेव-ठेवून. नसेल तर 'ऊन' : जा-जाऊन, गा-गाऊन, धू-धुऊन. म्हणून हात धुऊन, जेवून मग जाऊन यावे.