तिसऱ्या आठवड्यात व्यायाम का सुटतो?

प्रश्न: माझं वय ४१. दर दोन-तीन महिन्यांनी मी नव्या उमेदीने व्यायाम सुरू करते. पहाटे पाचला उठून एक तास पळणं, आठवड्याचे सहा दिवस. सोबत गोड बंद, रात्रीचं जेवण अर्धं. झोपायला मात्र बारा वाजतातच. तिसऱ्या आठवड्यात दोन दिवस चुकतात आणि सगळंच सुटतं. गेल्या वेळी गुडघा दुखायला लागला, वजनही हललं नाही. नवरा म्हणतो, ‘तुझे नव्याचे नऊ दिवस!’ माझ्यात इच्छाशक्तीच नाही का?

उत्तर: ताई, इच्छाशक्ती नसलेलं माणूस पुन्हा पुन्हा सुरुवात करत नाही. चुकतेय ती आखणी. बाराला झोपून पाचला उठणं म्हणजे पाच तास झोप; प्रौढ माणसाला किमान सात लागतात. झोप अपुरी पडली की भूक खवळते आणि मन चटकन हार मानतं. नेमक्या त्याच दिवसांत तुम्ही गोड सोडलंत, जेवण अर्धं केलंत आणि तासभर पळायलाही लागलात. एवढं सगळं एकदम अंगावर घेऊन तुम्ही तिसऱ्या आठवड्यापर्यंत टिकलात, याचं मला खरंच कौतुक वाटतं.

पहाटेचा हट्ट आधी सोडा. त्याऐवजी रोज न चुकता घडणारी एक गोष्ट निवडा आणि व्यायाम तिला जोडा. ‘संध्याकाळी फिरेन’ एवढं पुरत नाही. ‘घरी आले की पिशवी ठेवायची, बसायचं नाही, बूट घालून दहा मिनिटं चालून यायचं’ इतकं नेमकं ठरवा. चालायचे बूट दारातच तयार ठेवा. एकदा बसलं की उठवत नाही, आणि बहुतेकांचा व्यायाम तिथेच बुडतो.

पहिले दोन आठवडे फक्त दहा मिनिटं चाला, जास्त जमत असलं तरी. मग दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. सहाव्या आठवड्यात अर्ध्या तासावर पोहोचाल. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास म्हणजे १५० मिनिटं, आणि जागतिक आरोग्य संघटनेने मध्यम श्रमाच्या व्यायामासाठी सांगितलेली किमान मर्यादा तेवढीच आहे. सलग दहा मिनिटं झालीच पाहिजेत ही जुनी अटही २०२०च्या शिफारशींत राहिलेली नाही. चालताना बोलता यावं पण गाता येऊ नये, इतपत वेग पुरे.

गुडघ्याचं कारण बहुधा घाईच असावं. दम काही आठवड्यांत वाढतो, पण स्नायूंना हाडाशी जोडणारे कंडरे सावकाश बळकट होतात, त्यांना महिने लागतात. म्हणून छाती ‘अजून पळ’ म्हणते तेव्हा गुडघा तयार नसतो. सध्या पळू नका. चौथ्या आठवड्यापासून आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम घ्या: खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून दंड, पाठीवर झोपून कंबर उचलणं. प्रत्येकी आठ वेळा, दोन फेऱ्या, मध्ये दीड मिनिट विश्रांती. अजून दोनदा जमलं असतं असं वाटत असतानाच थांबा. बारा वेळा सहज होऊ लागलं की खुर्ची थोडी बुटकी घ्या, भिंतीपासून पाय मागे न्या. नंतरचे एक ते तीन दिवस स्नायू ठणकले तर घाबरू नका. सांध्यात कळ आली, सूज आली किंवा दुखणं आठवडाभर राहिलं, तर डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर त्या क्षणी थांबा आणि लगेच वैद्यकीय मदत घ्या.

आता चुकलेल्या दिवसाबद्दल, कारण तुमची खरी अडचण इथे आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला मधल्या माणसाला ६६ दिवस लागले, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त. कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. तेव्हा तिसऱ्या आठवड्यात अजून जड जातंय, यात तुमचं काही कमी पडलेलं नाही. दिवस चुकला तर भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका, त्यानेच दुखापत होते. फार वाईट दिवस असेल तर बूट घालून तीन मिनिटं चाला आणि परत या. तेही धरायचं.

वजनकाटा आठवड्यातून एकदाच, उठल्यावर, काही खाण्यापिण्याआधी. नव्या व्यायामाने स्नायू काही दिवस पाणी धरून ठेवतात, त्यामुळे सुरुवातीला आकडा वाढूही शकतो. महिन्यातून एकदा कमर मोजा. खाण्यातला बदल सातव्या आठवड्यानंतर, आणि एकच. जेवण अर्धं करणं तर नकोच.

नवऱ्याशी वाद घालू नका, त्यांच्याकडे एक काम मागा: तुम्ही बाहेर असाल ती दहा मिनिटं घरातलं सगळं त्यांनी बघायचं, आणि तुम्हाला फोन करायचा नाही.