सोळाव्या वचनापर्यंतच वाचा

‘वाईट वागणाऱ्याचं चांगलं चाललंय आणि मी सरळ वागून मागे पडलो. मग देव कुणाच्या बाजूचा?’ माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारी ख्रिस्ती माणसं हा प्रश्न पहिल्या भेटीत विचारत नाहीत. झोप लागत नाही, पित्त उसळतं, घरात चिडचिड होते, एवढंच सांगतात. असा प्रश्न पडणं म्हणजेच विश्वास उणा पडणं, हे लहानपणापासून मनात बसलेलं असतं.

अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळणारे एक गृहस्थ असेच आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) भंगाराची गाडी बाहेर पडताना काटा पावतीवर वजन कमी दाखवायचं आणि फरकाचे पैसे वाटून घ्यायचे, असा तिथला प्रकार. यांनी गेटपासवर सही केली नाही, म्हणून यांना कायमची रात्रपाळी लागली. ज्याने सही केली त्याला बढती मिळाली, गंगापूर रोडला त्याने फ्लॅट घेतला. इथवर ते शांतपणे सांगत होते. मग आवाज चढला. “ताई, तो आमच्याच मंडळीत, म्हणजे आमच्याच चर्चमध्ये आहे. कमिटीवर आहे. रविवारी शास्त्रवाचन तोच करतो, आणि त्याच्या देणगीबद्दल पाळकसाहेब सगळ्यांसमोर आभार मानतात!” यांनी प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षरस, घेणं सोडलं होतं. शेवटच्या बाकावर बसायचे आणि आशीर्वादाआधीच उठून जायचे.

सल्ले भरपूर मिळाले होते. ‘देव बघून घेईल.’ ‘आपण आपलं बघावं.’ पत्नी माहेरची कॅथलिक. ती फेब्रुवारीच्या यात्रेत नाशिकरोडच्या बाळ येशूपाशी मेणबत्ती लावून आली होती. देव बघून घेईल यावर माझाही पूर्ण विश्वास आहे. पण समोरच्याचं बोलणं संपायच्या आत ते म्हटलं, तर त्याचा धीर वाढत नाही, नुसतं तोंड बंद होतं. आणि तोंड बंद झालेला माणूस हळूहळू प्रार्थनाही बंद करतो.

मी त्यांना बायबलमधलं ७३ वं स्तोत्र रोज मोठ्याने वाचायला सांगितलं, पण फक्त सोळाव्या वचनापर्यंत. ते दचकले. “पवित्र शास्त्र अर्धवट वाचायचं?” मी म्हटलं, हे स्तोत्र ज्याच्या नावावर आहे तो आसाफ कुणी परका नव्हता. दावीद राजाने उपासनेतल्या गायनासाठी नेमलेला प्रमुख माणूस होता तो. अठ्ठावीस वचनांच्या त्या स्तोत्रात पवित्रस्थानात जाण्याची गोष्ट सतराव्या वचनात येते. त्याआधी काय आहे? दुष्ट माणसं धडधाकट आहेत, इतरांना होतो तसा त्रास त्यांना नाही, गर्व गळ्यात मिरवतात, आणि मी मात्र मन उगाच शुद्ध ठेवलं! हे सगळं उपासनेच्या स्तोत्रांमध्ये राहिलं, कुणी गाळलं नाही. बायबलमधल्या ईयोब, यिर्मया, हबक्कूक यांनीही देवाला तोंडावर हेच विचारलं. तुम्ही मात्र ते मंडळीच्या मागच्या बाकावर एकट्याने गिळताय.

पुढच्या भेटीत ते म्हणाले, “मी तिसऱ्याच वचनावर अडकतो.” त्या वचनात आसाफ कबूल करतो की मला त्यांचा हेवा वाटला. मुलीची इंजिनीअरिंगची फी भरायची होती. पुढच्या वेळी गेटपास समोर आला तर सही करून टाकू, असं त्यांच्या मनात येत होतं, आणि त्या विचाराचीच त्यांना भीती बसली होती.

मला वाटतं, अशा वेळी दोन दुखणी एकमेकांत गुंततात आणि दोन्ही मिळून विश्वास गेल्यासारखी दिसतात. एक म्हणजे समोर चाललेली चोरी. तिच्यावर काहीतरी करायला हवं. दुसरा आपला हेवा. तो देवाजवळ नावानिशी मांडावा लागतो, त्याबद्दल रडावंही लागतं.

चोरीबद्दल बोलताना त्यांनी येशूने सांगितलेला गहू आणि निदणाचा (गव्हात उगवलेल्या तणाचा) दाखला काढला: कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. या दाखल्याचा गैरवापर मी फार पाहिलाय. मत्तयाच्या शुभवर्तमानात, तेराव्या अध्यायात, येशू स्वतः सांगतो की शेत म्हणजे जग. माणसांचा शेवटचा निवाडा आपण करू नये, एवढं त्यातून नक्की कळतं. खोटी पावती दिसली तरी गप्प बसा, असं त्यात कुठेही नाही. नोकरीवर काय परिणाम होईल हे वकिलाला विचारून, पत्नीशी बोलून त्यांनी पावत्यांच्या प्रतींसह मुख्य कार्यालयाला पत्र पाठवलं. याने आणखी नुकसान होऊ शकतं, हेही मी स्पष्ट सांगितलं होतं.

सतराव्या वचनापुढे आम्ही एकत्र वाचलं. दुष्टांचा शेवट आसाफाला तिथे कळतो. त्याच दिवशी त्यांची घरं कोसळली, असं मात्र स्तोत्र म्हणत नाही. लगेच मिळतं ते तेविसाव्या वचनातलं: तू माझा उजवा हात धरला आहेस. “म्हणजे फ्लॅट त्याचाच राहणार,” ते म्हणाले. मी म्हटलं, कदाचित हो. पण देवाने तुमचा हात सोडलाय, असा त्याचा अर्थ होत नाही.

पत्राला अजून उत्तर नाही. रात्रपाळी चालूच आहे. फीसाठी पतपेढीचं कर्ज काढलंय. गेल्या महिन्यात त्यांनी प्रभुभोजन घेतलं. तो माणूस शास्त्रवाचनाला उभा राहिला की राग अजून येतो. मत्तय १८ प्रमाणे आधी त्याच्याशी एकांतात बोलायचं का, हे त्यांचं ठरलेलं नाही. मी घाई केलेली नाही. पुढच्या भेटीत पत्नीलाही घेऊन येतो म्हणालेत, तेव्हा तोच विषय आहे.