प्रयोगशाळेतून बायोटेक कायद्याकडे: आधी दाव्यांची भाषा शिका

संशोधन आणि विज्ञानलेखन दोन्ही करताय आणि आता बायोटेक पेटंटच्या कामाकडे वळायचंय, म्हणजे निम्मी तयारी झालीच आहे. फक्त लेखनाच्या काही सवयी इथे अंगाशी येतात.

लेखात पुनरुक्ती टाळायला आपण शब्द बदलतो: एकदा 'प्रतिपिंड', पुढे 'रेणू', मग 'औषध'. पेटंटच्या दाव्यात (संरक्षण नेमकं कशाला हवं ते सांगणाऱ्या वाक्यात) असं केलंत तर त्या तीन वेगळ्या वस्तू धरल्या जाऊ शकतात. एका गोष्टीला शेवटपर्यंत एकच शब्द, कंटाळवाणं वाटलं तरी. 'समाविष्ट असलेले' आणि 'एवढ्यानेच बनलेले' यांतही मोठा फरक आहे: पहिल्यात प्रतिस्पर्ध्याने जादा घटक घातला तरी तो पेटंटच्या कचाट्यात सापडतो, दुसऱ्यात बहुधा निसटतो.

सरावाला आपल्याच विषयातलं एक मंजूर पेटंट घ्या. पहिला दावा वाचा, त्याचे घटक सुटे करा, प्रत्येकामागे कोणता प्रयोग आहे ते पेटंटमधल्या वर्णनात शोधा. मग तोच दावा शंभर शब्दांत सामान्य वाचकाला समजवा. आठवड्याला एक पुरे.

सगळ्यात महागात पडते ती घाई. पेटंटचा अर्ज दाखल होण्याआधी पोस्टर, प्रीप्रिंट (समीक्षेआधी खुला केलेला शोधनिबंध) किंवा ब्लॉग टाकला, तर अमेरिकेत अर्ज करायला वर्षभराची सवलत मिळते. युरोपात अशी सर्वसाधारण सवलत नाही, पेटंटला लागणारं नावीन्य तिथेच गेलं.

अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचे चक्रवर्ती (१९८०) आणि मिरियड (२०१३) हे निकाल लागोपाठ वाचा. पहिल्यानुसार जनुकीय बदल केलेला जीवाणू पेटंटयोग्य. दुसऱ्यानुसार शरीरातून नुसता वेगळा काढलेला डीएनए नाही, पण प्रयोगशाळेत बनवलेला सीडीएनए (आरएनएवरून तयार केलेली डीएनएची प्रत) चालतो. हा फरक नीट समजावता आला, की मुलाखतीत दाखवायला नमुना तयार.