गुटी किती वेढे द्यायची?

प्रश्न : ताई, नातू दोन महिन्यांचा झाला. मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानातून बाळगुटीचं सगळं सामान आणलंय, सहाणही धुऊन ठेवली. पण बालरोगतज्ज्ञांनी सुनेला गुटी अजिबात नको म्हणून सांगितलं. माझी दोन्ही मुलं गुटीवर वाढली. झाडपाल्यानं काय अपाय होणार? मी स्वतः घशासाठी रोज ज्येष्ठमधाचा काढा घेते. मला बीपीची गोळी चालू आहे. काढाही सोडायचा का?
– एक आजी, नारायण पेठ

उत्तर : बाळाच्या डॉक्टरांचं ऐका. फार्मसीच्या मुलांना वनौषधी शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, या मुळा-फळांवर माझा जीव आहे. त्यांना गुण आहे म्हणूनच त्यांची मात्रा सांभाळावी लागते, आणि गुटीत नेमकी तीच सांभाळता येत नाही. आपलं माप काय, तर वेढे, म्हणजे सहाणेवर उगाळताना दिलेले फेरे. जायफळाचे दोन, हळकुंडाचा एक. पण तुमच्या हाताचा दाब वेगळा, सुनेचा वेगळा. सहाण नवी खरखरीत असली तर जास्त उतरतं, झिजलेली असली तर कमी. एका वेढ्यात किती औषध गेलं, ते कुणालाच सांगता येणार नाही. पाच किलोच्या बाळाला एवढासा फरकही जड जातो, कारण पोटात गेलेलं औषध निकामी करायला त्याचं यकृत अजून पुरतं तयार झालेलं नसतं.

गुटी दिली की बाळ छान झोपतं, असं घरोघरी ऐकते. जायफळ जास्त झालं असेल तर ती झोप नव्हे, गुंगी असते. बाळ दूधही कमी ओढतं. वेखंडाबद्दल तर माझं मत ठाम आहे: तान्ह्या बाळाच्या तोंडात ते जाऊच नये. आपल्याकडच्या वेखंडात बीटा-असारोन नावाचं द्रव्य भरपूर असतं. उंदरांवरच्या प्रयोगांत त्यानं आतड्यात गाठी झाल्या, आणि १९६८ साली अमेरिकेनं खाद्यपदार्थांत वेखंड वापरायला बंदी घातली.

मला सगळ्यात धास्ती वाटते ती गुटीतल्या अतिविषाच्या मुळीची. ते हिमालयातून येतं, महाग असतं, आणि बचनाग ही विषारी मुळी त्याचीच भाऊबंद. अतिविष मोडलं तर आत पांढरं दिसतं, पण सुकलेल्या तुकड्यांच्या पुडीत भेसळ ओळखणं घरच्या माणसाचं काम नाही. (जिभेवर ठेवून तर मुळीच पाहू नका.) बचनागातलं अ‍ॅकोनिटिन हृदयाचे ठोके बिघडवतं. वैद्य बचनाग शुद्ध केल्याशिवाय वापरत नाहीत. औषध नियमांच्या ‘ई-१’ या विषारी द्रव्यांच्या यादीत तो आहे, आणि तो घातलेल्या तयार औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे’ असा इशारा छापावा लागतो. कागदाच्या पुडीवर तुम्हाला कोण इशारा देणार?

तुमची मुलं सुखरूप वाढली, माझीही वाढली. पण त्या काळी एखादं बाळ मलूल पडलं तर दृष्ट काढायचे. गुटीकडे कुणी बोट दाखवत नसे.

सहा महिने पूर्ण होईपर्यंत आईचं दूध पुरे, वरचं पाणीसुद्धा नको. मध वर्षभर नाही, त्यातून लहान बाळांना बोट्युलिझम, म्हणजे जंतूंच्या विषानं स्नायू लुळे पडण्याचा आजार, होऊ शकतो. तुमच्या हाताची माया नातवाला तेल लावून मालीश करण्यातही पोचेल.

आता तुमचा काढा. तो आजच थांबवा. ज्येष्ठमधातल्या ग्लिसिरायझिनमुळे शरीरात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम बाहेर जातं आणि बीपी चढतं. तुमच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असलं तर पोटॅशियम आणखी उतरतं. मग पायांत गोळे येतात, अशक्तपणा येतो, छातीत धडधडतं. या आठवड्यात बीपी मोजून घ्या, काढा किती दिवस घेत होतात ते डॉक्टरांना सांगा आणि पोटॅशियमची रक्ततपासणी करायची का, हेही विचारा. घशाला मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या करा.

गुटी एखाद्या वेळी देऊन झाली असेल तर सुनेला आणि डॉक्टरांना मोकळेपणानं सांगा. बाळ गुंगलेलं वाटलं, उलट्या झाल्या किंवा दूध प्यायचं थांबलं तर लगेच दवाखान्यात न्या, आणि जाताना गुटीच्या सामानाची पुडी बरोबर घ्या.